इलेक्ट्रॉन प्रकीर्णन (कणांच्या अंतर्रचनेचा शोध)

इलेक्ट्रॉनला स्वतःची अंतर्रचना असल्याचे आजवर दिसलेले नाही आणि त्याची विद्युत्‌चुंबकीय आंतरक्रिया गणिताने नेमकी मांडता येते. त्यामुळे दुसऱ्या कणाच्या पोटात शिरून पाहण्यास त्याच्याइतके स्वच्छ साधन दुसरे नाही. आदळल्यावर इलेक्ट्रॉन किती कोनातून वळला व त्याने किती ऊर्जा गमावली, यांवरून त्याने सोडलेल्या आभासी फोटॉनचा संवेग (क्यू) मिळतो. क्यू जितका मोठा तितका तपशील बारीक : १ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टला सुमारे ०·२ फेमटोमीटर, म्हणजे प्रोटॉनच्या त्रिज्येचा साधारण चौथा हिस्सा.

न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) : प्रोटॉन बिंदुरूप नाही हे याच पद्धतीने स्टॅनफर्ड येथे रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९५० नंतरच्या दशकात दाखविले (नोबेल पारितोषिक १९६१).

उत्तेजित न्यूक्लिऑन : पुरेशी ऊर्जा मिळाली की प्रोटॉन उत्तेजित अवस्थेत जातो. सर्वांत ठळक अवस्था डेल्टा (१२३२; कंसातील आकडा वस्तुमानाचा, दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांत). तिचे आयुष्य १०⁻²³ सेकंदाहूनही कमी. इतका अल्पजीवी कण लक्ष्य म्हणून समोर ठेवता येत नाही. म्हणून प्रोटॉनवरच इलेक्ट्रॉन सोडून प्रोटॉनपासून त्या अवस्थेपर्यंतचे संक्रमण क्यूनुसार कसे बदलते ते मोजतात. या कामाचे मुख्य केंद्र अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील जेफरसन प्रयोगशाळा. डेल्टाच्या संक्रमणात चुंबकीय द्विध्रुवाचे प्राबल्य असते आणि विद्युत् चतुर्ध्रुवाचा वाटा कमी क्यूला उणे २ ते ३ टक्के भरतो. म्हणजे प्रोटॉन-डेल्टा यांची रचना पूर्ण गोलाकार नाही. रोपर ही आणखी एक उत्तेजित अवस्था (१४४०) १९६४ पासून कोड्यात टाकत आली होती. तिच्या संक्रमणाचा मुख्य गुणांक क्यू-वर्ग ०·५ (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट)² च्या आसपास चिन्ह बदलतो, आणि त्यावरून ती तीन क्वार्कांच्या गाभ्याची त्रिज्यीय उत्तेजित अवस्था असून तिच्याभोवती मेसॉनांचे आवरण आहे, असे आता बहुतेकांचे मत आहे. गाभ्याचा वाटा किती व आवरणाचा किती, यावर एकमत नाही.

फोटॉन : प्रकाशकणालाही अंतर्रचना असते, हे या विषयाचे सर्वांत विलक्षण अंग आणि महाराष्ट्राचा त्याच्याशी थेट संबंध आहे. फोटॉन क्षणभर क्वार्क व प्रति-क्वार्क यांच्या जोडीत रूपांतरित होतो. त्या क्षणी इलेक्ट्रॉनने त्याला गाठले, तर फोटॉनच्या आतले क्वार्क दिसतात. फोटॉनही लक्ष्य म्हणून स्थिर ठेवता येत नाही. तो धावत्या पॉझिट्रॉनकडून घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरीत एक कण मोठ्या कोनात वळून डिटेक्टरमध्ये सापडतो, दुसरा जवळजवळ न वळता झोताच्या नळीतून निघून जातो व आपल्यामागे जवळपास खरा फोटॉन सोडतो. अडचण अशी की निर्माण झालेले कित्येक हॅड्रॉनही (क्वार्कांचे बनलेले कण) त्याच नळीत हरवतात. त्यामुळे त्यांचे एकूण वस्तुमान कमी दिसते आणि मूळ आकडा गणिताने परत काढावा लागतो. या प्रक्रियेत क्वार्कांच्या विद्युत् भाराचा चौथा घात येत असल्याने अप क्वार्कला डाउनच्या सोळापट वजन मिळते. क्यू वाढला की फोटॉनचे संरचना-फलन (आतल्या क्वार्कांचे वितरण सांगणारी राशी) वाढत जाते, हे एडवर्ड विटन यांनी १९७७ मध्ये पुंज वर्णगतिकीतून (क्वार्कांमधील प्रबल आंतरक्रियेच्या सिद्धांतातून) सांगितले होते. पहिले मापन १९८१ मध्ये हँबुर्ग येथील प्लूटो प्रयोगाचे.

हे क्वार्क इतर टकरींत काय करतील, याचा पद्धतशीर विचार रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) व जर्मन शास्त्रज्ञ मानुएल ड्रीस यांनी केला. गोडबोले मूळच्या पुण्याच्या. सर परशुरामभाऊ महाविद्यालय व मुंबईचे आयआयटी येथे शिकून त्यांनी अमेरिकेत स्टोनी ब्रुक येथे डॉक्टरेट घेतली. खाली सांगितलेले काम त्यांनी मुंबई विद्यापीठात शिकवीत असताना केले, ही बाब मुद्दाम नोंदविण्याजोगी आहे. हँबुर्गचा हेरा कणवेगवर्धक १९९२ मध्ये सुरू होण्यापूर्वीच या दोघांनी दाखविले की तेथील जोरकस टकरींत फोटॉन अखंड राहून भाग घेण्याऐवजी बहुधा त्याच्या आतला क्वार्क किंवा ग्लुऑनच (क्वार्कांना बांधणारा कण) भाग घेईल. हेरावरील दोन्ही मोठ्या प्रयोगांत अशा घटना स्पष्ट दिसल्या. १९९१ मध्ये दोघांनी आणखी पुढचा इशारा दिला : भावी रेषीय कणवेगवर्धकात इलेक्ट्रॉनांचे झोत अत्यंत दाबले जातात, ते फोटॉन बाहेर टाकतात, आणि या फोटॉनांच्या आपसांतील टकरींतून हॅड्रॉनांचा मोठा कचरा साठतो. किती मोठा, याबाबत पुढील गणितांत मतभेद राहिले. आकडा यंत्राच्या आराखड्यावर फार अवलंबून असतो. मात्र तेव्हापासून अशा यंत्राची आखणी करताना हा कचरा मोजावाच लागतो. १९९५ पासून गोडबोले बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होत्या; पद्मश्री २०१९.

महाराष्ट्रातील साधने : पुणे विद्यापीठातील मायक्रोट्रॉन या छोट्या वेगवर्धकाच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काही दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट; त्यांचा उपयोग मुख्यतः पदार्थांवरील परिणाम अभ्यासण्यासाठी झाला. डेल्टा अवस्थेसाठी मात्र ३०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून अधिक ऊर्जा लागते; तेवढी या यंत्रातून मिळत नाही.