मुळांवरून समीकरण

२क्ष² + मक्ष + न = ० या वर्गसमीकरणाची मुळे १/२ आणि −३ आहेत, तर म आणि न काढा. दहावीतल्या मुलाला हा प्रश्न म्हणजे हातचे मार्क. मुळांची बेरीज −५/२, ती −म/२ एवढी, म्हणून म = ५. गुणाकार −३/२, तो न/२ एवढा, म्हणून न = −३. संपलं. या चार ओळी लिहिता येण्यासाठी मात्र तीन हजारांहून अधिक वर्षं जावी लागली.

बेरीज आणि गुणाकार ही जोडी फार जुनी. इसवी सनापूर्वी १८००च्या आसपास बॅबिलोनमधले लेखनिक मातीच्या पाट्यांवर अशी गणितं लिहीत: आयताच्या लांबी-रुंदीची बेरीज अमुक, क्षेत्रफळ तमुक, तर बाजू किती? पुढे अलेक्झांड्रियाचा डायोफँटस बेरीज २० आणि गुणाकार ९६ देऊन दोन संख्या विचारतो. उत्तर १२ आणि ८. पण हे सगळे एकाच दिशेने चालले होते. दिलेल्यावरून अज्ञात शोधायचे. उत्तर हाती आल्यावर त्यावरून समीकरणच पुन्हा उभे करावे, असा प्रश्न कोणाला पडण्याचे कारणच नव्हते.

आपले भास्कराचार्य इथे फार जवळ आले होते. ‘बीजगणिता’त त्यांचे माकडांचे एक गणित आहे: कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग रानात खेळतोय आणि बारा माकडं टेकडीवर आहेत, तर कळप केवढा? समीकरण होते क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०, आणि भास्कराचार्य ४८ व १६ ही दोन्ही उत्तरे मान्य करतात. आता ४८ + १६ करून पाहा. ६४ समोरच उभे आहेत. पुढच्या गणितात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून उरलेल्यांचा वर्ग गुहेत शिरतो आणि एक माकड बाहेर दिसते. उत्तरे ५० आणि ५. यातले ५ ते सोडून देतात, कारण पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की उरते ऋण. माकडांचा हिशेब म्हणून हे अगदी बरोबर. पण ५ सोडले की या समीकरणात क्षपुढे येणारे ५५ कुठून आले, हे सांगायला कोणी उरत नाही. दोन्ही मुळे जागेवर असल्याशिवाय सहगुणकांचे रहस्य उलगडत नाही.

युरोपात १५४५ मध्ये कार्दानोने १०चे दोन भाग असे मागितले की त्यांचा गुणाकार ४० यावा. भाग निघाले ५ + √−१५ आणि ५ − √−१५. त्याने गुणून ताळा पाहिला, तो जुळला. तरी असल्या संख्या त्याला निरुपयोगीच वाटल्या.

मग आला फ्रांस्वा व्हिएत, पेशाने वकील, फ्रान्सच्या राजदरबारी सल्लागार, स्पेनची सांकेतिक पत्रं उलगडणारा. १५९१ मध्ये त्याने अज्ञातांना स्वर आणि ज्ञात राशींना व्यंजने दिली. हा बदल दिसतो त्याहून कितीतरी मोठा आहे. सहगुणकाच्या जागी ६४ असेल तर तो केवळ आकडा; अक्षर असेल तर ते कशाचे बनले आहे, हे विचारता येते. व्हिएतच्या मृत्यूनंतर १६१५ मध्ये छापलेल्या ग्रंथात मुळे आणि सहगुणक यांचे संबंध आहेत, पण फक्त धन मुळांपुरते. ऋण मूळ त्याला चालत नसे. म्हणजे आपल्या दहावीच्या गणितातले −३ त्याने दारातच अडवले असते.

हे दार उघडले आल्बेर जिरारने. जन्माने लोरेनचा, राहायला हॉलंडमध्ये. १६२९च्या छोट्या पुस्तकात त्याने ठामपणे मांडले की समीकरणाचा जेवढा घात तेवढी उत्तरे, आणि ऋण असोत की अशक्य, सगळी मोजायची. त्याचे उदाहरण क्ष⁴ = ४क्ष − ३. मुळे १, १, −१ + √−२ आणि −१ − √−२. चारांची बेरीज शून्य, म्हणून घनाचे पद गायब. गुणाकार ३, तेच स्थिरपद. अशक्य उत्तरांचा उपयोग काय, याचेही उत्तर त्याने देऊन ठेवले: नियम सार्वत्रिक ठरतो, आणखी उत्तरे नाहीत याची खात्री पटते, शिवाय ती कामालाही येतात.

देकार्तने १६३७ मध्ये हीच गोष्ट उलट्या टोकाने, अगदी सोपी करून दाखवली. (क्ष − २) ला (क्ष − ३) ने गुणा, क्ष² − ५क्ष + ६ मिळेल. तिसरा अवयव लावा, चौथा लावा, समीकरण वाढत जाईल. मुळांवरून समीकरण बांधायची आपल्या वर्गातली रीत ती हीच. एक गोष्ट मात्र मुळे कधीच सांगत नाहीत. २ आणि ३ ही मुळे क्ष² − ५क्ष + ६ = ० ची आहेत, तशीच ७क्ष² − ३५क्ष + ४२ = ० चीही. मुळांवरून सहगुणकांचे फक्त गुणोत्तर कळते. म्हणून प्रश्नात एखादा सहगुणक आधी द्यावाच लागतो, जसा वरच्या उदाहरणात २ दिला आहे.

जगभर ही सूत्रे व्हिएतच्या नावाने चालतात. अक्षरांचा मान त्याचाच. पण ऋण मुळांसकट, कोणत्याही घातासाठी हा नियम प्रथम पुरता मांडला तो जिरारने, आणि नाव द्यायचेच तर ते त्याचे द्यायला हवे होते.