संध्याकाळ, कॅमेरा आणि आइनस्टाइनचं पेटंट

मागच्या वर्षी गावचा आमचा जुना वाडा पाडायचं ठरलं. शेवटच्या संध्याकाळी मी समोरच्या गच्चीवर ट्रायपॉड लावला, कॅमेरा ऑटोवर टाकला आणि दर १० सेकंदांना एक फोटो असा टाइमलॅप्स सुरू केला. नंतर बघतो तर काय, व्हिडिओ बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखा लुकलुकतोय. आणि रात्र तर झालीच नाही, सगळं नुसतं करडं! दुसऱ्या दिवशी वाडा पडला. रिटेकचा प्रश्नच नव्हता. म्हटलं, हे 'ऑटो' प्रकरण आलं कुठून ते तरी बघू.

गंमत म्हणजे या गोष्टीत चक्क आइनस्टाइन आहे. ज्या फोटोइलेक्ट्रिक इफेक्टसाठी त्याला १९२१ सालचं नोबेल मिळालं, तीच कल्पना वापरून त्याने आणि त्याचा डॉक्टर मित्र गुस्ताव बकी याने १९३६ मध्ये अमेरिकेत एक पेटंट घेतलं: उजेड मोजून स्वतःच जुळवून घेणारा कॅमेरा. १९३८ मध्ये कोडॅकचा सुपर सिक्स-२० बाजारात आला. ऑटो एक्सपोजर असलेला हा पहिला कॅमेरा. त्यातला सेलेनियमचा सेल उजेड मोजायचा आणि त्यानुसार अ‍ॅपर्चर ठरायचं. किंमत २२५ डॉलर, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच.

पण ही सगळी खटपट एका फोटोसाठी होती. मीटरचं साधं गणित असतं, समोर काहीही असो, सरासरी मधल्या करड्या रंगावर आणायची. एका फोटोला हे चालतं. टाइमलॅप्समध्ये मात्र कॅमेरा प्रत्येक फ्रेमला नव्याने मोजतो, मागची फ्रेम त्याला आठवत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर 'स्टेटलेस'. एखाद्या गाडीचा हेडलाइट आला की आकडा हलला. बरं, सेटिंग बदलतं तेही साधारण १/३ स्टॉपच्या पायरीने, म्हणजे एका झटक्यात २६ टक्के उजेड कमी-जास्त. डोळ्याला ते लगेच खुपतं.

फरक किती, तर भर उन्हात १ लाख लक्स आणि पौर्णिमेच्या चांदण्यात जेमतेम पाव लक्स. म्हणजे सुमारे ४ लाख पट, १८ स्टॉपच्या वर! म्हणूनच टाइमलॅप्सवाले दिवस-ते-रात्र शॉटला 'होली ग्रेल' म्हणतात.

मग हौशी लोकांनीच वाटा काढल्या. एक, बल्ब रॅम्पिंग: शटर किती वेळ उघडं राहणार ते बाहेरचं यंत्र ठरवतं आणि पायऱ्यांऐवजी मिलिसेकंदांनी वाढवत नेतं. कॅननच्या कॅमेऱ्यांसाठी आलेल्या मॅजिक लँटर्न या मोफत फर्मवेअरमध्येही ही सोय होती. दुसरी वाट जर्मनीच्या गुंटर वेगनरच्या एलआरटाइमलॅप्सची: सेटिंगच्या उड्या पडू द्यायच्या, पण प्रत्येक फोटोतली सेटिंग्जची नोंद वाचून त्या उड्या रॉ फाइलमध्ये उलट्या भरून काढायच्या.

माझं नशीब, फोटो रॉ होते. दोन रात्री बसलो आणि लुकलुक बरीचशी गेली. शेवटच्या फ्रेम्स मुद्दाम काळ्या होऊ दिल्या, कारण रात्र ही रात्रीसारखीच दिसायला हवी. हे कळायला मीटर नाही, माणूस लागतो. आजीला दाखवला, तर ती एवढंच म्हणाली, "अरे, ओटीवरचा दिवा कोणी लावला होता रे?"

तुमच्याकडे अशी एकदाच येणारी संध्याकाळ असेल, तर आधी चार दिवस साध्या गच्चीवरून सराव करा. आणि रॉ विसरू नका. भेटू पुढच्या भागात!