पुसाचा आयनमापक

भारतीय अवकाशविज्ञानाचा इतिहास थुंबा, अहमदाबाद, बंगळूरु असा फिरतो. दिल्लीच्या वाट्याला येतात त्या मंजुरीच्या फायली. ही वाटणी मला पटत नाही. पुसा भागातली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा ओळखली जाते वजनमापांच्या प्रमाणांसाठी. पण ‘स्रॉस-सी’ आणि ‘स्रॉस-सी२’ या उपग्रहांवरचे आयनमंडल मोजणारे ‘आरपीए’ (रिटार्डिंग पोटेन्शियल अॅनालायझर) उपकरण तिचेच. त्यात धातूच्या बारीक जाळ्या एकामागे एक, शेवटी संग्राहक. जाळीवरचा विरोधी विद्युतदाब टप्प्याटप्प्याने वाढवायचा आणि संग्राहकावरचा प्रवाह कसा घटतो ते नोंदवायचे. त्या आलेखातून आयनांचे तापमान व घनता काढतात. उपग्रहावर साचणारा विद्युतभारही हिशेबात धरावा लागतो, नाहीतर सगळे आकडे चुकतात.

कुणी म्हणेल, उपग्रह बंगळूरुचा, उड्डाण श्रीहरिकोट्याचे. मग दिल्लीचे श्रेय ते काय? पण वाहन पोचवते, मोजत नाही. अचूक मोजण्याची शिस्त प्रमाणे सांभाळणाऱ्या संस्थेतच मुरलेली असणार, हे उघड आहे. १९९२चा ‘स्रॉस-सी’ खालच्या कक्षेत अडकून दोन महिन्यांतच जळाला. ४ मे १९९४ला सुटलेला ‘सी२’ मात्र २००१पर्यंत फिरत राहिला, आणि त्याच्या नोंदींवर आजही शोधनिबंध उभे आहेत.