दहा रुग्णांची झोप

एमडीचा प्रबंध लिहिणारी मुलं-मुली माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा अगदी शेवटच्या टप्प्यावर. मास्टर चार्ट भरून झालेला असतो, गाईडची तारीख जवळ आलेली असते, आणि खुर्चीत बसायच्या आधीच विचारतात, "मॅडम, प्री आणि पोस्ट असा डेटा आहे, कुठली टेस्ट लावू?" वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली. या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं, पण मी आधी त्यांना कलामाझूला घेऊन जाते. तिथली दहा माणसं ओळखीची झाली की टेस्टचं नाव विद्यार्थी स्वतःच सांगतात.

कलामाझू हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं गाव. विसावं शतक नुकतं सुरू झालं होतं, तेव्हा तिथल्या मनोरुग्णालयात झोपेच्या औषधांचा एक प्रयोग झाला. कुश्नी आणि पीबल्स या दोघांनी १९०५ मध्ये तो जर्नल ऑफ फिजिऑलॉजीत छापला. पद्धत साधी होती. रुग्णाला एका रात्री गोळी द्यायची, पुढच्या रात्री काहीच द्यायचं नाही, आणि तो किती तास झोपला ते लिहून ठेवायचं. एका औषधाचं झालं की त्याच रुग्णावर दुसरं औषध. गोळीच्या रात्रींची सरासरी झोप वजा बिनगोळीच्या रात्रींची, म्हणजे त्या औषधाने मिळालेली जादा झोप. त्या रुग्णांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. आजच्या एथिक्स कमिटीपुढे तो प्रस्ताव टिकला नसता. संख्याशास्त्राच्या वर्गात ज्यांची झोप गेली शंभर वर्षं मोजली जाते आहे, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, हे मी दरवर्षी मुद्दाम सांगते.

हे आकडे पुढे डब्लिनला पोचले. तिथल्या गिनेसच्या बिअर कारखान्यात विल्यम सीली गॉसेट हा ऑक्सफर्डला रसायनशास्त्र आणि गणित शिकलेला माणूस १८९९ पासून नोकरीला होता. जव, हॉप्स, कारखान्यातले प्रयोग. सगळीकडे त्याची अडचण एकच होती. हातात नमुने चार, सहा, फार तर दहा. तेव्हाचं संख्याशास्त्र शेकड्यांनी निरीक्षणं असली तरच भरवशाचं होतं. १९०६-०७ मध्ये तो लंडनला कार्ल पिअरसनच्या प्रयोगशाळेत जाऊन राहिला आणि लहान नमुन्याचं गणित त्याने स्वतः मांडलं. ते पडताळायला त्याने घेतली ३,००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी. ही मापं कार्डांवर लिहिली, कार्डं नीट पिसली, आणि चार-चारचे ७५० नमुने काढले. आज संगणक हे काम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच करतो. गॉसेटने ते हाताने केलं, आणि त्या कष्टाबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो.

मार्च १९०८ च्या बायोमेट्रिकात या गणितावरचा त्याचा लेख आला. कारखाना आपल्या माणसांना स्वतःच्या नावाने छापू देत नव्हता, म्हणून लेखकाचं नाव 'स्टुडंट'. उदाहरणाला त्याने कलामाझूचेच दहा रुग्ण घेतले. औषधांची नावं उतरवताना त्याची गल्लत झाली, आणि तीच गल्लत पुढे रोनाल्ड फिशरच्या १९२५ च्या प्रसिद्ध पुस्तकातही गेली. आकडे मात्र बरोबर होते.

ते आकडे मी फळ्यावर लिहिते. पहिल्या औषधाने मिळालेली जादा झोप, तासांत: ०.७, -१.६, -०.२, -१.२, -०.१, ३.४, ३.७, ०.८, ०, २.०. त्याच क्रमाने दुसऱ्या औषधाने: १.९, ०.८, १.१, ०.१, -०.१, ४.४, ५.५, १.६, ४.६, ३.४. सरासरी पाऊण तास आणि २.३३ तास. आता समजा, हे वीस वेगळे रुग्ण आहेत, दहा इकडे आणि दहा तिकडे. दोन स्वतंत्र गटांची टी-टेस्ट लावली तर टी येतो १.८६. पाच टक्क्यांच्या पातळीवर इथे २.१० लागतो. निष्कर्ष: फरक सिद्ध झाला नाही. मग मी म्हणते, आता आडवं वाचा. चौथ्या रुग्णाची झोप पहिल्या औषधाने सव्वा तासाने घटली होती, दुसऱ्याने किंचित वाढली. सातव्याला दोन्ही औषधं लागू पडली, पण दुसरं जास्त. पाचव्याला दोन्ही सारखीच. दहापैकी नऊ जणांना दुसऱ्याने जास्त झोप दिली, आणि एकालाही कमी दिली नाही. प्रत्येकाचा स्वतःचा फरक काढला की सरासरी १.५८ तास, आणि टी थेट ४.०६. इथे लागतो फक्त २.२६.

आकडे तेच, सरासऱ्या त्याच, आणि निकाल उलटा. कारण माणसामाणसांत झोपेचा फरक मुळातच मोठा असतो. उभे रकाने तुलनेला घेतले की औषधाचा परिणाम त्या फरकात बुडतो. माणसाची तुलना त्याच्याशीच केली की तो गोंगाट वजा होतो. प्रत्येकाच्या दोन मापांची जोडी अशी सांभाळणारी ही पेअर्ड टी-टेस्ट. गॉसेटने स्वतः फरकांवरच गणित केलं आणि दुसरं औषध सरस असण्याची शक्यता एकास ६६६ अशी काढली.

पुढचा इतिहास याच जोडीभोवती वाढला. नवव्या रुग्णाचा फरक ४.६ तास, बाकीच्यांपेक्षा खूपच मोठा. अशा एका आकड्यावर सरासरी डोलायला लागते. फ्रँक विल्कॉक्सन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये सुचवलं की फरकांना लहान-मोठा असे क्रमांक द्यावेत, म्हणजे ४.६ हा फक्त 'सगळ्यांत मोठा' उरतो. या पद्धतीनेही दुसरं औषधच जिंकतं. मोजमाप नसून नुसतं होय-नाही असेल, म्हणजे व्यसनमुक्तीच्या शिबिराआधी माणूस तंबाखू खायचा आणि नंतर खात नाही, तर त्यासाठी क्विन मॅक्निमारची १९४७ ची टेस्ट आहे. ती फक्त बदललेल्यांकडे बघते: किती जणांनी सोडली आणि किती जणांनी उलट सुरू केली.

आपल्याकडे हे गणित पोचवण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे लंडनला शिकले, आणि व्ही. जी. पानसे यांच्याबरोबरचं त्यांचं कृषी संख्याशास्त्राचं पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये काढलं. देशातल्या कृषी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

पण जोडी सांभाळली म्हणजे सगळं झालं, असं मात्र नाही. रक्तदाब सर्वांत वाढलेला असतानाच रुग्ण दवाखान्यात येतो; काही न करताही पुढच्या वेळी तो बहुधा थोडा खाली असतो. पी व्हॅल्यू कितीही लहान आली तरी ही उतरण औषधाची की काळाची, हे पेअर्ड टेस्ट सांगू शकत नाही. त्यासाठी शेजारी दुसरा गट लागतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ते करून दाखवलं. आरोग्यदूत म्हणून गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घ्यायची योजना ३९ गावांत झाली, आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९९ च्या लॅन्सेटमधल्या त्यांच्या लेखानुसार नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला, तुलनेच्या गावांत साठीच्या आसपासच राहिला. इथे आधीची बाळं वेगळी आणि नंतरची वेगळी, त्यामुळे बाळाला बाळ जोडून पेअर्ड टेस्ट लावता येत नाही. 'आधी-नंतर' हा शब्द ऐकताच ती टेस्ट उघडणाऱ्यांना मी हे उदाहरण देते.

सर्वांत वाईट मला वाटतं ते शाळेतल्या किंवा वस्तीतल्या आरोग्यशिक्षणाच्या अभ्यासांचं. आधीची प्रश्नावली भरून घेतात, नंतरची भरून घेतात, आणि एकाही कागदावर क्रमांक नसतो. मेहनत खरी असते, माणसंही तीच असतात, पण कुठला कागद कुणाचा हे आता कुणालाच सांगता येत नाही. जोडी गेली ती गेली. कुठलंही सॉफ्टवेअर ती परत आणत नाही.

म्हणून प्रबंध लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: टेस्ट विचारायला सिनॉप्सिस लिहितानाच या. नाव नको असेल तर नका लिहू, पण प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्या, तो दोन्ही वेळच्या कागदांवर घाला, आणि मास्टर चार्टमध्ये त्याची दोन्ही मापं एकाच ओळीत भरा.