फाशी घटनेत बसते का? : जक्कल, बचनसिंग आणि नाशिकचे सहा जण

पुण्यात साठी ओलांडलेल्या कुणालाही १९७६-७७ बद्दल विचारा. संध्याकाळी सात नंतर दार लावून घ्यायचं, बेल वाजली तरी आधी खिडकीतून बघायचं, मुलांना क्लासवरून आणायला घरातलं कुणीतरी जायचं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले. मेलेल्यांत जोशी कुटुंब होतं, संस्कृतचे मोठे पंडित अभ्यंकरशास्त्री आणि त्यांच्या घरचे होते. मारणारे निघाले चित्रकला शिकणारे कॉलेजचे पोरगे. जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शाह या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. पुण्यात तेव्हा फारसं कुणी हळहळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही हळहळ व्यक्त करायला हे लिहीत नाहीये.

मला सांगायचंय ते वेगळंच. पुण्याच्या सत्र न्यायालयाने १९७८ साली या चौघांना शिक्षा सुनावली. तिथून १९८३ पर्यंत जेवढा काळ हे लोक फाशीच्या कोठडीत होते, नेमक्या तेवढ्याच काळात दिल्लीत सुप्रीम कोर्टात एक मूलभूत भांडण चालू होतं : खुनाबद्दल फाशी देणं आपल्या राज्यघटनेत बसतं तरी का? कोपर्डीनंतर मोर्चे निघाले तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी "फाशी" हा एकच शब्द होता. संताप समजण्यासारखा होता. पण फाशी कायद्यात कशी आली, टिकली कशी आणि कुठल्या अटीवर टिकली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, वाचा सवडीने.

सुरुवात इंग्रजांपासून. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३०२ : खुनाला फाशी किंवा जन्मठेप (तेव्हा काळं पाणी). पण दोन्ही पर्याय सारखे नव्हते बरं का. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे न्यायाधीशाने फाशी दिली नाही, तर का नाही दिली याची कारणं त्याला लिहावी लागत. म्हणजे फाशी हा नियम, जन्मठेप हा अपवाद. स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये ही तरतूद काढली, दोन्ही शिक्षा एका पातळीवर आल्या. मग १९७३ ची नवी संहिता आली, १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, आणि कलम ३५४(३) ने पारडं पूर्ण उलटं केलं : आता फाशी द्यायची असेल तर "विशेष कारणं" लिहा. एका माणसाच्या आयुष्यात कायदा १८० अंशात फिरला, आणि संसदेने हे कुठलाही गाजावाजा न करता केलं.

घटना समितीत हा विषय आला नव्हता असं नाही. १९४८ च्या नोव्हेंबरात झेड. एच. लारी यांनी दुरुस्ती मांडली की हिंसक राजद्रोह सोडला तर फाशी रद्द करावी. ती स्वीकारली गेली नाही. हे घटनेत कशाला, पुढे कायदेमंडळ बघेल, असा सूर होता. आणि जून १९४९ मध्ये, फाशीच्या सगळ्या खटल्यांत सुप्रीम कोर्टात अपील असावं का यावर चर्चा चालू असताना, डॉ. आंबेडकर म्हणाले की त्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला मी पाठिंबा देईन; हा देश अहिंसा हे तत्त्व मानतो, लोकांना ते पाळता येत नसेल तरी. हे लोकांना सांगितलं की पटत नाही, पण चर्चेच्या नोंदीत आहे. तरीही शेवटी घटनेत काय आलं? कलम ७२ मध्ये राष्ट्रपतींना फाशी माफ करण्याचा अधिकार आला. कलम १३४ मध्ये हायकोर्टाने निर्दोष सुटलेल्याला फाशी दिली तर सुप्रीम कोर्टात हक्काचं अपील आलं. म्हणजे घटनाकारांना फाशी माहीत होती, ती राहील हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पुढे हाच मुद्दा सरकारच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा ठरला.

पहिलं मोठं आव्हान जगमोहन सिंग खटल्यात आलं, निकाल ऑक्टोबर १९७२. काही महिन्यांपूर्वीच अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तिथली फाशी लहरी पद्धतीने दिली जाते म्हणून अडवली होती. त्याचा आधार इथे घ्यायचा प्रयत्न झाला. पाच न्यायमूर्तींनी एकमताने नाही म्हटलं. निकाल लिहिला न्या. पालेकरांनी, जे मुंबई हायकोर्टातून तिथे गेले होते. त्यांचं म्हणणं साधारण असं की न्यायाधीशाच्या विवेकावर विश्वास ठेवावा लागतो, चूक झाली तर वर अपील आहे.

पण नंतर दोन गोष्टी बदलल्या. एक, वर सांगितलेली १९७३ ची संहिता. दुसरी, १९७८ चा मनेका गांधी निकाल : कलम २१ खाली जीव किंवा स्वातंत्र्य काढून घ्यायची कार्यपद्धती नुसती कायद्यात लिहिलेली असून चालत नाही, ती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे. मग १९७९ मध्ये राजेंद्र प्रसाद खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी फाशीला जवळजवळ दारच लावलं. खून कितीही क्रूर असो, माणूस समाजाला कायमचा धोका असेल तरच फाशी, असा त्यांचा रोख होता. तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ पाच जणांच्या निकालाला असं वळसा कसं घालू शकतं, असा प्रश्न लगेच उभा राहिला, आणि बचनसिंगचं प्रकरण घटनापीठाकडे गेलं.

बचनसिंग म्हणजे काही निष्पाप माणूस नव्हता. बायकोच्या खुनाबद्दल जन्मठेप भोगून बाहेर आला, ज्या नातेवाइकाने आसरा दिला त्याच्याच घरात कुऱ्हाडीने तिघांना मारलं. हे सांगतो कारण घटनेचे मोठे प्रश्न बहुतेक वेळा अशाच नकोशा माणसांच्या पाठीवर बसून कोर्टात येतात.

९ मे १९८०. चार विरुद्ध एक. खंडपीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, पुण्याचेच. बहुमताचा निकाल न्या. सरकारियांनी लिहिला : खुनाबद्दल फाशी घटनाबाह्य नाही. कलम २१ च सांगतं की रास्त कार्यपद्धतीने जीव काढून घेता येतो. फाशी असावी की नसावी याबद्दल शहाण्या माणसांत मतभेद आहेत, तेव्हा संसदेचा निर्णय अविवेकी आहे असं कोर्ट म्हणू शकत नाही. पण, आणि हा "पण" महत्त्वाचा, जन्मठेप हा नियम, फाशी फक्त "दुर्मिळातल्या दुर्मिळ" प्रकरणात, जिथे दुसरा पर्याय निर्विवादपणे बंद झालाय. गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघायचा. ज्येष्ठ वकील डॉ. चितळे यांनी वय, मानसिक स्थिती, सुधारण्याची शक्यता अशा सौम्य करणाऱ्या बाबींची यादी कोर्टापुढे ठेवली होती, ती कोर्टाने मोलाची मानली. त्यातला एक मुद्दा असा की हा माणूस सुधारणार नाही हे सरकारने पुराव्याने दाखवायचं.

आपल्याकडे "दुर्मिळातला दुर्मिळ" हे शब्द पेपरवाल्यांनी इतके वापरले की त्याचा अर्थ "फार भयानक" असा झालाय. तसा तो नाही. भयानकपणा हा त्यातला अर्धाच भाग.

एकटे पडले न्या. भगवती. त्यांनी आपली भिन्न मताची कारणं दोन वर्षांनी, ऑगस्ट १९८२ मध्ये दिली. त्यांचं म्हणणं एका ओळीत : कोण फासावर जाणार हे गुन्ह्यावर नाही, समोर कोणते न्यायमूर्ती बसलेत त्यावर ठरतं, आणि जातात बहुतेक गरीबच. हे त्यांनी हवेत म्हटलं नव्हतं. हरबंस सिंग प्रकरण तेव्हा ताजं होतं. उत्तर प्रदेशात एका कुटुंबातल्या चौघांच्या खुनाबद्दल तिघांना फाशी झाली. गुन्हा एक, भूमिका सारखी. पहिल्याचा अर्ज सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्ये फेटाळला. दुसऱ्याचा वेगळ्या खंडपीठापुढे गेला, १९७७ मध्ये त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. पहिल्याला ऑक्टोबर १९८१ मध्ये फाशी दिलीसुद्धा. तिसरा, हरबंस, त्याच्या रांगेतच उभा होता, तेवढ्यात ही विसंगती कोर्टाच्या लक्षात आली आणि त्यांनी राष्ट्रपतींना शिक्षा कमी करण्याची शिफारस केली. पहिल्या माणसाचं काय? त्याचा अर्ज फेटाळणाऱ्या खंडपीठात स्वतः चंद्रचूड होते, आणि हरबंसच्या निकालातही तेच. हा निकाल वाचताना त्या माणसाची घालमेल जाणवते असं मला वाटतं.

चंद्रचूडांनीच १९८३ मध्ये मिठू खटल्यात दंड संहितेचं कलम ३०३ रद्द केलं. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशी सक्तीची, असं ते कलम होतं. न्यायाधीशाला निवडच नाही तर न्याय कसला, हे त्यामागचं तर्कशास्त्र. (नव्या भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा कलम १०४ मध्ये आहे, पण फाशीला आता मरेपर्यंत तुरुंगवासाचा पर्याय दिलाय.)

आता महाराष्ट्रात या. १९९५ मध्ये राजस्थानच्या रावजी खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की गुन्हेगार नव्हे, गुन्हाच बघायचा. हे बचनसिंगच्या थेट विरुद्ध, तरी रावजीला फाशी झाली आणि निकाल पुढे वापरला जात राहिला. ३० एप्रिल २००९ रोजी त्याच वाटेने नाशिकच्या २००३ मधल्या एका दरोडा-बलात्कार-खून प्रकरणात सहा जणांना फाशी झाली. त्यातल्या तिघांना मुंबई हायकोर्टाने जन्मठेप दिली होती, तीही वाढवली. आणि अवघ्या दोन आठवड्यांनी, पुण्यातल्या एका अपहरण-खुनाच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाच्याच दुसऱ्या खंडपीठाने सांगितलं की रावजीचा निकाल घटनापीठाला डावलून दिलेला, म्हणून चुकीचा. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहिलं की अशा चुकीच्या निकालांवर आधारलेल्या फाशी थांबवा.

नाशिकच्या त्या सहा जणांचं पुढे काय झालं? भटक्या जमातीतले, मजुरी करणारे लोक. एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे फाशीनंतर काही वर्षांनी सिद्ध झालं. मार्च २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या फोटोंमधून भलतेच चौघे ओळखले होते, त्यांचा तपासच केला नव्हता. शिक्षा योग्य की जास्त हा प्रश्नच नव्हता, माणसंच वेगळी होती. प्रत्येकी पाच लाख भरपाई, सोळा वर्षांच्या तुरुंगवासानंतर. ज्या कुटुंबातले पाच जण मारले गेले, त्यांनाही न्याय मिळाला नाही हे विसरू नका.

दुसरी बाजूही सांगतो. कोल्हापूरच्या गावित बहिणींची फाशी सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये कायम केली, पुराव्यात गोंधळ नव्हता. दयेचा अर्ज सरकारी टेबलांवर सात वर्षांहून जास्त पडून राहिला आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्या दिरंगाईमुळे शिक्षा जन्मठेपेत बदलली. लोक कोर्टावर चिडले. चिडायचं तर फायली दाबून ठेवणाऱ्यांवर चिडा.

विधी आयोगाने १९६७ मध्ये फाशी ठेवा म्हटलं, २०१५ मध्ये दहशतवाद सोडून काढा म्हटलं. संसदेने ठेवली आहे, आणि माझ्या मते ठेवायची की नाही हे ठरवणं तिचंच काम. पण १९८० मध्ये फाशी वैध ठरली ती अटींवर, आणि त्या अटी खालची कोर्टं पाळत नाहीत हे सुप्रीम कोर्टानेच मे २०२२ मध्ये मनोज खटल्यात मान्य केलं. आता न्यायाधीशाने तुरुंगातल्या वागणुकीचा, मानसिक स्थितीचा, घरच्या परिस्थितीचा अहवाल मागवायचाय. तेव्हा पुढच्या वेळी "फाशीची शिक्षा" असं वाचलंत, की निकालात एवढं शोधा : दोषी ठरवल्यावर शिक्षेची सुनावणी किती दिवसांनी झाली, आणि हे अहवाल मागवले होते का.