किल्लारीनंतर बदललेले स्वभाव



"पूर्वी अशी नव्हती हो ती. आता घटकेत हसते, घटकेत भांडी आपटते." हे वाक्य आपल्या नांदेड-लातूरकडच्या घरांत कोणाबद्दल तरी ऐकू येतंच. कोणी म्हणतं स्वभाव, कोणी म्हणतं कषाय वाढले, कोणी म्हणतं बाहेरचं काही असेल. आपल्या भागाला या प्रश्नाचा एक इतिहास आहे आणि तो 1993 पासून सांगावा लागतो.

त्या वर्षी अनंत चतुर्दशी 29 सप्टेंबरला होती. आपल्या दशलक्षणाचा शेवटचा दिवस, आणि गावोगावी गणपतीचं विसर्जन. माणसं उशिरा झोपली. 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. औसा तालुक्यातलं किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर, होळी, राजेगाव ही आणि आजूबाजूची गावं काही सेकंदांत खाली बसली. जवळपास 10,000 माणसं गेली. भूकंपाची तीव्रता 6.2 होती. त्याहून मोठे भूकंप होऊनही इतकी माणसं जात नाहीत. इथे मारलं ते घरांनी. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं ते घर म्हणजे घरातल्या बाईचा अभिमान. तेच अंगावर आलं. किल्लारीला 1992 मध्येही हादरे बसले होते, लोक काही दिवस बाहेर झोपले आणि पुन्हा आत गेले. ही गोष्ट तिथल्या माणसांच्या मनातून कधी गेली नाही.

यानंतरचं पुनर्वसन आपल्याला ठाऊक आहे. जागतिक बँकेची मदत आली, 52 गावं नव्या जागी वसली, पक्की घरं झाली. पण घरासमोर पत्र्याची शेड टाकून वर्षानुवर्षं तिच्यातच झोपणारी माणसंही तिथे होती. स्लॅबखाली डोळा लागत नसे.

मनाचं काय झालं, हे पाहायलाही तेव्हा काही डॉक्टर आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या भागातल्या मानसिक आरोग्याचा काही वर्षं अभ्यास केला. 1996 साली एका अमेरिकन मनोविकार नियतकालिकात छोटा अहवाल आला, त्यात तपासलेल्या भूकंपग्रस्तांपैकी निम्म्याहून अधिक जणांना मानसिक आजार आढळला होता. मुख्यतः उदासीनता आणि आघातानंतर होणारा ताणाचा विकार. या विकाराला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव मिळालं तेच 1980 साली, म्हणजे किल्लारीच्या जेमतेम 13 वर्षं आधी. खेड्यात ते नाव कोणाला माहीत असणार! "वारं लागलंय" एवढंच माहीत.

या विकारात माणूस सतत सावध राहतो. ट्रक गेला, दार आपटलं, की छाती धडधडते आणि पुढच्या क्षणी समोरच्यावर राग निघतो. झोप तुटते, म्हणून चिडचिड वाढते. मग मध्येच सगळं बधिर, पोरांचंही कौतुक वाटत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे लहरीपण वाटतं. वर्षाची ती तारीख जवळ आली की त्रास जास्त होतो, आणि आपल्याकडे ती तारीख नेमकी पर्वाला चिकटलेली.

आमच्या नात्यातल्या एक आत्याबाई औसा तालुक्यातल्या. दशलक्षणात नऊ दिवस एकदम शांत, पूजा, स्वाध्याय, सगळं नीट. चतुर्दशीला संध्याकाळी मात्र कोणी बोललेलं सहन होत नसे, आणि रात्री अंगणात खाट. सुना कुजबुजत, "एवढा उपवास करून राग कसा जात नाही?" त्यांच्या थोरल्या जावेने एकदा सुनांना बाजूला घेऊन सांगितलं की त्या रात्री यांची दोन लेकरं आत होती. तेव्हापासून चतुर्दशीला अंगणात दोन खाटा पडू लागल्या, दुसरी धाकट्या सुनेची.

लेकरांवरून आठवलं. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1,200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. आपल्या समाजाला त्याचा अभिमान आहे आणि असावाच. पण शाळा, वसतिगृह, जेवण हे मोजता येतं. रात्री दचकून उठलेल्या पोराला कोणी जवळ घेतलं, याची नोंद कुठे राहते? ते काम केलेल्या माणसांचा इतिहास कोणीतरी लिहायला हवा, असं मला फार वाटतं.

आता, प्रत्येक चिडचिडीमागे भूकंप नसतो. थायरॉईड बिघडलं तरी माणूस बदलतो. पाळी जाण्याच्या वयात होतं, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी होतं, दारूने तर होतंच. आठवडेच्या आठवडे अतिउत्साह आणि मग तितकीच खोल उदासी, असं आलटून पालटून चाललं तर तो वेगळा आजार आहे, त्यावर औषध आहे. म्हाताऱ्या माणसाचं वागणं दोन दिवसांत एकदम बदललं, तर लघवीतला जंतुसंसर्ग किंवा रक्तातलं मीठ कमी होणं हेही कारण निघतं. तिथे थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आपल्या घरांत एक कारण विशेष पाहावं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू, सूर्यास्तानंतर जेवण नाही आणि वर उपवास. साखर उतरली की घाम येतो, हात थरथरतात आणि माणूस विनाकारण भांडतो. तो कषाय नव्हे. अशा वेळी शुद्धीवर असेल तर लगेच गूळ-साखर द्यावी. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्यावं. पर्वाआधी गोळीचं वेळापत्रक डॉक्टरांकडून बदलून घ्यावं, आणि उपवास झेपणारा नसेल तर महाराजांना किंवा माताजींना विचारून दुसरा नियम घ्यावा.

मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, क्रमांक 14416. ती 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झाली, आणि मराठीतही बोलता येतं.

21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीकडे 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, नांदेडलाही भांडी वाजली. त्या दिवशी नांदेडच्या माझ्या जावेकडे सासूबाई दुपारपर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत, मग ताटावरून उठून रडल्या. त्या 1993 ला उमरग्याला माहेरी होत्या. जावेने काही विचारलं नाही, ताट झाकून ठेवलं आणि त्यांची चटई दाराजवळ टाकली.