वाकडे रोप, सरळ बाण

धनुष्य करायचे म्हटले की मुले एखादी सरळ फोक शोधतात, साल काढतात, चाकूने ती गुळगुळीत करतात आणि दोरी बांधतात. काही वर्षांपूर्वी आम्हीही तेच केले, फक्त जास्त ‘शास्त्रशुद्ध’ पद्धतीने. वखारीतून सागाची सुरेख सरळ पट्टी आणली, चारी बाजूंनी रंधा मारला, मापे तपासली. दोरी अर्धी ओढली आणि पट्टी काडकन मोडली.

मोडलेली जागा पाहण्यासारखी होती. भेग आडवी नव्हती, तिरकी होती. लाकूड म्हणजे तंतूंची मोळी. करवत सरळ चालते, झाडातले तंतू मात्र खोडाबरोबर वळत जातात. त्यामुळे सरळ पट्टीत अनेक तंतू मध्येच कापले जाऊन पृष्ठभागावर उघडे पडतात. धनुष्य ओढले की त्याची बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. पाठीवर तुटलेला तंतू असला की तिथूनच चिलपी उचलली जाते. खोडरबराच्या दोन्ही कडांवर रेघा आखून तो वाकवला, तर हा ताण आणि दाब वर्गात सहज दाखवता येतो.

यावरचा उपाय फार जुना आहे. डेन्मार्कमध्ये होल्मगार्ड इथल्या दलदलीत 1944 साली एल्म लाकडाची धनुष्ये सापडली. ती सुमारे 9000 वर्षांपूर्वीची आहेत. (एल्म म्हणजे आपल्याकडच्या वावळाच्या कुळातले झाड.) त्यांसाठी मोठा वृक्ष चिरलेला नाही, बारीक खोड वापरले आहे. बारीक खोडाची साल काढली की खालच्या वलयातले तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड मिळतात. तीच धनुष्याची पाठ. तिला हत्यार लावायचे नाही, तासायचे ते फक्त पोटाकडून.

या धनुष्यांची आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडते. मूठ अरुंद आणि जाड, पण तिच्या दोन्ही बाजूंच्या कांबा रुंद आणि चपट्या. इंग्रजांचे प्रसिद्ध लांब धनुष्य याच्या उलट असते, जवळजवळ रुंदीइतकेच जाड आणि पोटाला गोलाई असलेले. 1930 च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन, पॉल क्लॉप्स्टेग हे भौतिकशास्त्रज्ञ आणि फॉरेस्ट नॅग्लर हे अभियंते धनुष्याच्या गणितामागे लागले. गोल पोटापेक्षा चपटा, आयताकृती छेद चांगला, असा निष्कर्ष निघाला. कारण सोपे आहे. कांबेचा ताठपणा रुंदीच्या पटीत वाढतो, पण जाडीच्या घनाच्या पटीत. जाडी एक-पंचमांशाने कमी केली तर ताठपणा जवळपास निम्मा होतो आणि रुंदी दुप्पट केली की भरून निघतो. तेवढ्याच बाकाला पृष्ठभागावरचा ताण मात्र एक-पंचमांशाने घटलेला असतो. हे गणित मांडून झाले आणि दहा-पंधरा वर्षांतच दलदलीतून तोच आकार बाहेर आला!

म्हणून ‘त्या शिकाऱ्यांना घनाचे सूत्र ठाऊक होते’ असे कोणी म्हणू लागले, तर ते काही खरे नाही. आपल्याकडे असे म्हणणाऱ्यांची कमतरता नाही. पण मोडलेल्या धनुष्यांचा हिशेब त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठेवला होता, हेही तितकेच खरे. तो हिशेब कागदावर नाही, लाकडात आहे.

इंग्रजांचे लाकूड यू वृक्षाचे. ते दाबही सोसते आणि ताणही, त्यामुळे जाड छेद चालून जातो. पण तसे चांगले लाकूड देशात पुरेना. 1472 साली कायदा झाला, की जहाजांनी दर टन मालामागे धनुष्याच्या चार काठ्या आणाव्यात. 1545 साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ जहाजातून यूची 172 धनुष्ये मिळाली. त्यांतही गाठींभोवती मुद्दाम जास्तीचे लाकूड राखलेले दिसते. राजाचे आरमार असले तरी झाडाच्या मर्जीनेच चालावे लागते.

आमचे दुसरे धनुष्य धामणीचे. (संस्कृतात हिला धनुर्वृक्षच म्हटले आहे.) बांधावरून तोडलेले मनगटाएवढे रोप मिळाले, तेही चांगले वाकडे. साल काढून सावलीत काही महिने वाळवले, कारण ओले लाकूड वाकवले तर वाकलेलेच राहते. मग दोन्ही टोकांना सुतळी ताणून पाहिली. खोड मध्ये कितीही नागमोडी असो, सुतळी मुठीवरून गेली की झाले. आमची तीन बोटे बाजूला जात होती. तेवढा भाग उकळत्या पाण्याच्या वाफेवर अर्धा तास धरला आणि फळीला घट्ट बांधून ठेवला. गरम, दमट लाकडात तंतूंना जोडणारे लिग्निन मऊ होते आणि थंड झाल्यावर नव्या आकारात घट्ट बसते. पुढे वाकसाने आणि शेवटी काचेच्या तुकड्याने पोट खरवडले. थोडे खरवडायचे, दोरी थोडी ओढायची, कुठे जास्त वाकते ते पाहायचे. जिथे वाकत नाही तिथेच खरवडायचे. हे काम घाईचे नाही.

शाळेत नेले तेव्हा मुले हसली, कारण धनुष्य धामण सापासारखेच दिसते. बाण सरळ गेला. खालची कांब अजून जरा ताठ आहे; पुढच्या सुटीत तिथे काच फिरवायची आहे.